पाण्याची वाट कोण ठरवणार?

घाटकोपरहून वर्सोव्याला जाणाऱ्या मेट्रोत जागृतीनगर मागे पडलं की खिडकीपाशी उभे असलेले दोन-चार जण हमखास मोबाईल वर काढतात. असल्फाच्या डोंगरावर एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेली घरं दिसतात. निळी, पिवळी, गुलाबी. २०१७ च्या अखेरीस ‘चल रंग दे’ या उपक्रमातून स्वयंसेवकांनी आणि तिथल्या लोकांनी मिळून या भिंती रंगवल्या. मग फोटो फिरले, आणि असल्फाला इटलीतल्या पोझितानोची उपमा मिळाली. मुंबईतल्या कुठल्याही गोष्टीचं कौतुक करायचं तर आधी तिला परदेशी नाव द्यावं लागतं, ही आपली जुनी खोड आहे. ती असो.

रंगांबद्दल माझी तक्रार नाही. रंगवलेल्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढणारी वस्तीतली मुलं खोटं हसत नसतात. पण मेट्रोतून दिसणारा डोंगर आणि डोंगरावरून दिसणारा डोंगर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेट्रोतून दिसतात त्या भिंती. डोंगरावर राहणाऱ्या बाईला दिसतं ते असं: वरच्या घराच्या मोरीचं पाणी आपल्या मागच्या भिंतीशी मुरतंय, पाचवी पायरी तुटली आहे, आणि जून जवळ आला की पत्र्यावर टाकायला नवी ताडपत्री घ्यायची आहे. याच घाटकोपरमध्ये, आझादनगरच्या डोंगराखाली, १२ जुलै २००० रोजी दरड कोसळली आणि साठहून अधिक माणसं गेली.

‘लँडस्केप डिझाइन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवळ, बाक आणि ओळीत लावलेली शोभेची झाडं येतात. म्हणजे निवांतपणे बघायची गोष्ट. चढावरच्या वस्तीत बघायला निवांत कोण असतो? तिथे जिना हाच रस्ता, तोच ओटा, तोच खेळाचा मैदानाचा तुकडा आणि पावसात तोच ओढा. तिथलं लँडस्केप म्हणजे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं याचा हिशेब. आणि हा हिशेब कोणी मांडायचा, हा स्थापत्यशास्त्राचा प्रश्न वाटला तरी मला तो नीतीचा प्रश्न वाटतो.

आधी थोडं मातीबद्दल, कारण त्याशिवाय नीती हवेत राहील.

उतार बहुतेक वेळा माणसांच्या वजनाने घसरत नाही, पाण्याने घसरतो. कातळावर मुरूम, मुरमावर माती आणि भरावाचा राडारोडा, असा थर असतो. पाणी आत मुरत गेलं की मातीच्या कणांमधल्या पोकळ्या भरतात, आतल्या पाण्याचा दाब वाढतो, आणि कणांनी एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद कमी होते. मग एका रात्री उतार सुटतो. पाऊस हे त्याचं एक कारण. दुसरं कारण आपण धरत नाही: नळाचं पाणी. वस्तीत नळ येतो, ती मोठी गोष्ट असते, त्यासाठी बायकांनी वर्षानुवर्षं हंडे वाहिलेले असतात, मोर्चे काढलेले असतात. पण नळ येतो तेव्हा सांडपाण्याची सोय त्याच्यासोबत येत नाही. मग भांड्यांचं, कपड्यांचं, आंघोळीचं पाणी बाराही महिने डोंगरात मुरतं. पावसाळा सुरू होण्याआधीच उतार अर्धा भिजलेला असतो. त्यात पत्र्यांवरच्या पागोळ्या थेट जमिनीवर पडतात.

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुसिया या छोट्या बेटावर हीच गोष्ट होती. राजधानी कॅस्ट्रीजभोवतीच्या डोंगरांवर गरिबांची विनापरवाना घरं, दरवर्षी वादळं, दरवर्षी घसरणाऱ्या दरडी. ब्रिस्टल विद्यापीठाचे माल्कम अँडरसन आणि लिझ होलकम यांनी २००४ पासून तिथल्या सरकारसोबत एक पद्धत उभी केली. तिचं मुख्य शस्त्र काय होतं? गटार. उताराला आडवी, पाणी अडवून एका बाजूला नेणारी काँक्रीटची साधी गटारं, छपरांना पन्हळी, आणि मोरीच्या पाण्याला पाइप. गटार कुठून न्यायचं हे ठरवायला तज्ज्ञ रहिवाशांबरोबर डोंगर पायी फिरले. कुठे ओल टिकते, कुठे भिंतीला तडा गेला, मागच्या वादळात पाणी कोणाच्या दारातून गेलं, हे माहीत असलेल्यांनी नकाशा भरला. बांधकामाचं काम वस्तीतल्याच लोकांना मजुरी देऊन दिलं. २०१० च्या ऑक्टोबर अखेरीला टॉमस वादळ आलं, बेटावर ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, आणि गटारं बांधलेल्या वस्त्यांमधले उतार टिकले.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती गटाराची नाही, माहितीची. डोंगर कुठे ओला आहे हे मोजायची उपकरणं असतात, पण प्रत्येक झोपडीमागे ती लावता येत नाहीत. ती माहिती असते माणसांकडे. मुंबईतल्या कुठल्याही चढावरच्या वस्तीत एखाद्या आजीला विचारा, “आजी, पावसात पाणी कुठून येतं?” ती हात करून वाट दाखवेल, आणि कोणत्या साली कोणाचं घर ओढून नेलं तेही सांगेल. तिच्या हातवाऱ्यांचा आराखडा कोणत्याही कार्यालयातल्या फायलीत नाही. ही माहिती न विचारता डोंगरावर काही बांधणं हा अपमान तर आहेच. त्याहून साधं सांगायचं तर ते चुकीचं अभियांत्रिकी आहे.

पण इथेच एक सावधगिरी हवी. ‘लोकांना सगळं माहीत असतं’ हे वाक्य ऐकायला गोड असलं तरी खरं नाही. आपण शाळेपासून ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ऐकत मोठे झालो. साताऱ्याहून, कोकणातून, मराठवाड्यातून मुंबईत आलेल्या अनेकांच्या घरात कोणीतरी दुष्काळी कामांवर समतल चर खणलेले असतात. गावच्या माळावर ते शहाणपणच आहे. घरं भरलेल्या तीव्र उतारावर मात्र तेच शहाणपण जीव घेऊ शकतं. तिथे पाणी जिरवायचं नसतं, त्याला लवकरात लवकर सुरक्षित वाट काढून द्यायची असते. एखाद्या संस्थेने उत्साहाने वस्तीच्या डोक्यावर चर खणून वृक्षारोपण केलं, रहिवाशांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी सेल्फी काढले, तरी उतार त्या एकमताला भीक घालणार नाही. म्हणजे आजीला ठाऊक असलेलं अभियंत्याला ठाऊक नाही आणि अभियंत्याला ठाऊक असलेलं आजीला नाही. दोघांनी एकत्र चढ चढण्याला पर्याय नाही. प्रश्न एवढाच की मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा?

शेरी अर्नस्टाइन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची एक आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सर्वांत खालच्या पायरीवर लोकांची नुसती दिशाभूल, मध्ये माहिती देणं आणि सल्ला विचारणं, आणि सर्वांत वर लोकांच्या हातात खरी सत्ता. आपल्याकडचा बहुतेक ‘लोकसहभाग’ मधल्या पायऱ्यांवर धापा टाकत बसलेला असतो. एक सभा होते, एक रजिस्टर फिरतं, चहा-बिस्किटं होतात, भिंतीवर चिकटवलेल्या रंगीत नकाशासमोर फोटो निघतो. नकाशा आधीच ठरलेला असतो. लोकांनी फक्त बाकाचा रंग निवडायचा असतो.

शिडीची वरची पायरी पाहायला परदेशात जायची गरज नाही. ती मलबार हिलवर आहे.

५ ऑगस्ट २०२० रोजी दक्षिण मुंबईत प्रचंड पाऊस झाला आणि मलबार हिलवरच्या बी. जी. खेर मार्गालगतचा उतार कोसळला. झाडं, माती, दगड खालच्या रस्त्यावर आले. भूशास्त्राच्या दृष्टीने ही दरडच. पण मलबार हिलच्या लोकांना कोणी ‘तुम्ही धोकादायक डोंगरावर का राहता?’ असं विचारलं नाही. त्यांना घरं खाली करून लांब कुठेतरी जा असं सांगितलं नाही. महापालिकेने पैसा आणि तज्ज्ञ आणले, उतार पक्का केला, रस्ता पुन्हा बांधला. तसंच व्हायला हवं होतं.

त्याच डोंगरावर हँगिंग गार्डन आहे. शाळेच्या सहलीत तुम्ही तिथे गेला असाल. त्या बागेच्या खाली शहराला पाणी देणारा ब्रिटिशकाळातला जलाशय आहे. काही वर्षांपूर्वी महापालिकेने तो पाडून नव्याने बांधायचं ठरवलं. त्यासाठी झाडं तोडावी लागणार होती, बाग बंद राहणार होती. रहिवाशांनी विरोध केला, तज्ज्ञांची समिती नेमली गेली, तिच्यात रहिवाशांनाही जागा मिळाली, आणि अखेर पुनर्बांधणीचा तो बेत मागे पडला. याला कोणी ‘समुदायकेंद्री लँडस्केप डिझाइन’ म्हटलं नाही. हे नाव गरिबांसाठी राखीव असतं. श्रीमंतांच्या बाबतीत त्याला नुसतं नागरिकत्व म्हणतात.

आता दुसरा जलाशय. मालाड पूर्वेला कुरारच्या बाजूला डोंगरावर महापालिकेचा जलाशय आहे, आणि त्याच्या संरक्षक भिंतीच्या खाली पिंपरीपाडा, आंबेडकरनगर. १ जुलै २०१९ च्या मध्यरात्रीनंतर ती भिंत कोसळली. २५ हून अधिक माणसं मेली, त्यात लहान मुलं होती. हा पट्टा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून आहे. उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशानंतर उद्यानातल्या पात्र कुटुंबांना पुनर्वसनासाठी ७,००० रुपये भरायला सांगितलं होतं. पैसे भरून वर्षानुवर्षं घराची वाट पाहणारी कुटुंबं त्या डोंगरांवर होती. डोंगरावरून येणाऱ्या पाण्याचं काय करायचं, त्याला भिंतीतून कुठे वाट ठेवायची, खालच्या माणसांना काय माहीत आहे, हे प्रश्न मलबार हिलवर समितीत पोहोचतात. मालाडला ते अपघातानंतरच्या चौकशीपर्यंत थांबून राहतात.

दोन्हीकडे डोंगर आहे, पाऊस आहे, जलाशय आहे. फरक कागदाचा आहे. एकाकडे मालकीचा कागद आहे, दुसऱ्याकडे फार तर फोटोपास. आणि इथे बरेच सुशिक्षित लोक एक वाक्य टाकतात: “पण ते बेकायदेशीर आहेत ना!” या वाक्यामागे गृहीत असं की बेकायदेशीरपणामुळे धोका आला. माळीण आठवा. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं ते गाव डोंगराखाली गाडलं गेलं, १५१ माणसांसह. ते कोणाच्या जमिनीवर अतिक्रमण करून बसलेले नव्हते. डोंगर सातबारा बघून घसरत नाही. कागद ठरवतो तो धोका नव्हे, तर धोक्यानंतर आणि धोक्याआधी तुमच्यासाठी कोण धावून येणार, ते.

दरवर्षी पावसाळ्याआधी मुंबईतल्या दरडप्रवण वस्त्यांमध्ये नोटिसा लागतात. आशय ठरलेला: जागा धोकादायक आहे, सुरक्षित ठिकाणी जावं, काही झाल्यास प्रशासन जबाबदार नाही. कुठे जावं ते लिहिलेलं नसतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात संमतीवर बराच काथ्याकूट होतो. एखाद्याने धोका जाणून पत्करला तर त्याची जबाबदारी त्याची, असं म्हणता येतं. पण धोका पत्करणं याचा अर्थ होण्यासाठी तो नाकारायची सोय हवी. कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर, परवडेल असं भाड्याचं घर सपाटीवर मिळत असतं आणि तरी कोणी दरडीखाली राहायचं निवडलं असतं, तर नोटिशीला नैतिक वजन असतं. आज ती नोटीस एकच काम करते: धोका तसाच ठेवून जबाबदारी तेवढी खाली घरंगळत आणते. झोपडपट्टी पुनर्वसनाची आपली योजनाही सपाट जमिनीच्या बाजारभावावर चालते. विकायला वरचे मजले मिळाले तर बिल्डर येतो. तीव्र उतारावर, वनजमिनीला लागून, तो कशाला येईल?

याच्या उलट बाजूचा आक्षेपही खरा आहे, आणि तो मला सतावतो. गटारं बांधा, पायऱ्या नीट करा, कठडे लावा, म्हणजे तुम्ही माणसांना मृत्यूच्या तोंडाशी कायमचं बसवताय. काही उतार कोणत्याही गटाराने वाचत नाहीत. कोलंबियातल्या मेडेलिन शहरात २७ सप्टेंबर १९८७ ला व्हियातिना या वस्तीवर डोंगर आला आणि सुमारे ५०० माणसं गेली. तिथे आजीची माहिती आणि आडवं गटार पुरलं असतं असं म्हणणं बेजबाबदारपणाचं होईल. आई-बापांनी निवड केली असं मानलं तरी घरातल्या चार वर्षांच्या पोराने केलेली नसते. तेव्हा काही घरांना हलवावंच लागतं, आणि ते सांगायची हिंमत ‘लोककेंद्री’ म्हणवणाऱ्यांनीही ठेवायला हवी.

मात्र कोणती घरं, हे ठरवताना प्रामाणिकपणाची एक कसोटी आहे. ‘धोका’ म्हणून रिकामी केलेली जागा नंतर कशी वापरली जाते ते पाहा. तिथे रान वाढलं, किंवा गेलेल्यांची आठवण म्हणून ती मोकळी राहिली, तर धोका खरा होता असं मानता येईल. तिथे ‘व्ह्यू’ असलेला टॉवर उभा राहिला तर धोका फक्त गरिबांनाच होता असं म्हणावं लागेल.

हिरवाईचंही असंच. झाडाला कोणी वाईट म्हणत नाही, म्हणून झाड हे कुंपणाचं उत्तम सोंग असतं. मेडेलिनने डोंगराच्या वरच्या कडेने हरित पट्टा आखला, म्हणजे वस्ती त्याच्यावर चढणार नाही. वरच्या वस्त्यांमधून प्रश्न आला की आम्हाला आधी पाणी आणि पक्का उतार द्या, सायकलची वाट नंतर. रिओ द जानेरोत २००९ मध्ये तर जंगल वाचवायच्या नावाने सांता मार्ता फावेलाभोवती काँक्रीटची तीन मीटर उंच भिंतच बांधायला घेतली. रोसिन्यामध्ये मात्र लोक अडून बसले. वाटाघाटी झाल्या, आणि सलग भिंतीऐवजी पायवाटा आणि उद्यान असा पर्याय पुढे आला. जंगलाची हद्द दोन्हींत राखायची होतीच. एका आराखड्यात माणूस जंगलाचा शत्रू धरला होता, दुसऱ्यात शेजारी.

त्याच रिओत १९८० च्या दशकापासून उजाड डोंगरांवर झाडं लावण्याचं काम महापालिका फावेलातल्याच लोकांकडून करून घेत आली. त्या कामाला त्यांच्या भाषेत ‘मुतिराँव’ म्हणतात. आपल्याकडे शेतात ‘इर्जिक’ घालतात तोच अर्थ, सगळ्यांनी मिळून एकाचं काम उरकायचं. फरक असा की रिओत या इर्जिकीचे पैसे मिळत होते. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याला श्रमदान फार प्रिय आहे. शनिवार-रविवारी वस्तीतल्या लोकांनी फावडी घेऊन स्वतःचं गटार खणलं की आपले डोळे भरून येतात. मलबार हिलचा उतार कोसळला तेव्हा तिथल्या रहिवाशांनी श्रमदान केलं का? कोणी सुचवलं तरी का? आठवडाभर उन्हात वाळू-विटा वाहणाऱ्या माणसाने सुटीच्या दिवशी सार्वजनिक गटार फुकट बांधावं, आणि त्याला आपण ‘सहभाग’ म्हणावं, यात काहीतरी वाकडं आहे. सेंट लुसियातली मजुरी म्हणूनच मला त्या गटारांच्या रचनेइतकी महत्त्वाची वाटते. ज्याला पैसे दिले त्याच्याकडून काम नीट झालं का हे विचारता येतं. आणि ज्याने पैसे घेऊन बांधलं त्यालाही पालिकेला सांगता येतं की सिमेंट कमी पाठवलंत, असं चालणार नाही.

यावर एक नेहमीचं उत्तर येतं: फुकट मिळालेल्याची किंमत नसते, घाम गाळला की आपलेपणा येतो. ज्या बाईने वीस वर्षांत तीनदा भिंत बांधली, चौथ्यांदा पत्रे बदलले, वरच्या शेजारणीशी मोरीच्या पाण्यावरून भांडून शेवटी दोघींच्या पैशांतून पाइप टाकला, तिला आपलेपणा शिकवायला आपण कोण?

आणि तो दोघींचा पाइप हीच खरं तर डोंगरावरची पहिली योजना असते. सपाटीवर माझं सांडपाणी माझ्या दारातून गटारात गेलं की मी मोकळा. उतारावर माझं पाणी खालच्याच्या भिंतीत जातं, वरच्याचं माझ्या. तिथे शेजारधर्म हा संस्कार वगैरे नसतो, ती जगण्याची अट असते. म्हणून आखणीची सुरुवात कुठून करायची असेल तर एका घरापासून किंवा एका चौकातल्या बाकापासून नको. एका पाण्याच्या वाटेपासून करावी. वरच्या कातळापासून खालच्या नाल्यापर्यंत पाणी जितक्या घरांना शिवतं तितक्या घरांची एक बैठक. प्रभाग, मंडळ, पक्ष, जात, गाववाले, सगळ्या सीमा ओलांडून ते पाणी जातं, आणि जी घरं एरवी एकमेकांच्या हळदीकुंकवालाही जात नाहीत ती या एका कामासाठी एकत्र बसू शकतात. भांडणं होतील. कोणाच्या ओट्यातून गटार जायचं, कोणाची पायरी फोडायची, यावर चांगलीच होतील. अभियंत्याने तिथे बसून ऐकावं, आणि ज्या ठिकाणी पाण्याचा नियम माणसांच्या तडजोडीपेक्षा मोठा आहे तिथे तसं स्पष्ट सांगावं.

त्यानंतर राहतं ते सर्वांत कंटाळवाणं काम, ज्याचे फोटो कोणी काढत नाही. एप्रिल-मे आला की शहरात नालेसफाईची गडबड सुरू होते. मोठ्या नाल्यांतून काढलेला गाळ, डंपरच्या फेऱ्या, पाहणी दौरे, आकडे. डोंगरावरचं फूट-दीड फूट रुंदीचं गटार या हिशेबात सहसा नसतं. त्यात वर्षभरात वेफर्सची पाकिटं, फुटलेल्या कौलाचे तुकडे, वरून वाहून आलेली माती साचते, आणि पहिल्याच मोठ्या पावसात ते भरून पाणी पुन्हा जुन्या वाटेने, कोणाच्या तरी मागच्या भिंतीकडे वळतं. ते साफ करायला दर पंधरा दिवसांनी दोन माणसं, त्यांची रोजंदारी आणि गाळ खाली नेणारं कोणीतरी लागतं. हा खर्च कोणत्या खात्यात दाखवायचा, हे कोणत्याही सुंदर आराखड्याच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं आहे का, ते आधी बघावं.